स्टॉक फोर बाय फोर घेतली आहे, ऑफरोडिंगची सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. दिवाळीत घरात मारुतीची जिमनी आली. मॅन्युअल, पूर्ण स्टॉक, टायरही कंपनीने दिलेले. घेतानाच ठरवलं होतं की फोर बाय फोरचा लीव्हर नुसता शोभेला ठेवायचा नाही. घाटात, हायवेला चालवायची सवय जुनी आहे, पण डांबर सोडलं की पुढचं काही कळत नाही. व्हिडिओ भरपूर बघितले. त्यात चिखल उडताना दिसतो, चालवणाऱ्याचे हातपाय काय करतायत ते दिसत नाही.

माहेरी सिन्नरच्या बाजूला शेत आहे. त्याला लागून आमचाच मुरमाड माळ आहे, मधून ओढा जातो. तिथेच सुरुवात करावी असं मनात आहे. घरच्यांचं म्हणणं, पाऊस पडू दे, चिखलाशिवाय कसलं ऑफरोडिंग! आधी टायर बदलू का, विंच (गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) लागेल का, ४एच आणि ४एल (चारही चाकांना ताकद, एक नेहमीच्या वेगाला, एक सावकाशीला) नक्की कधी लावायचं, एकटीने सराव केला तर चालेल का? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

थारवाला_पुणे
अभिनंदन ताई! जिमनीला कंपनीकडून एचटी टायर येतात, म्हणजे मुळात रस्त्याचे. आधी ते काढा आणि एटी, म्हणजे कच्च्या वाटेलाही चालणारे, टाका. जमल्यास गाडी थोडी उंच करणारी लिफ्ट किट. माझ्या थारला एटी टायर शोरूममधूनच आले म्हणून तो खर्च वाचला. एचटीवर चिखलात गेलात तर पहिल्या पन्नास फुटांत ट्रॅक्टर बोलवावा लागेल.

जिप्सीवाले_काका (कोल्हापूर)
ताई, अभिनंदन. पुणेकर, चिखलाबद्दल तुमचं बरोबर आहे, पण ताईंनी आत्ता चिखलात जाऊच नये असं माझं म्हणणं आहे. पहिल्या वर्षात गाडीला काहीही लावू नका. पैसे टायरमधल्या हवेचं माप घेणाऱ्या चांगल्या गेजवर आणि बारा व्होल्टच्या पंपावर घाला. शिकायचा मोसम म्हणजे आत्ताचा, कोरड्या जमिनीचा. कोरड्यात चाक का फिरलं, का थांबलं ते डोळ्यांना दिसतं. चिखलात सगळं झाकलं जातं. माणूस नुसता ॲक्सिलरेटर दाबत राहतो आणि गाडी गेली तर नशिबाने जाते.

लीव्हरचं आधी सांगतो. तुमच्या गाडीत पुढचा आणि मागचा ॲक्सल जोडणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नाही. ४एच टाकलं की दोन्ही ॲक्सल एकमेकांना बांधले जातात आणि सारख्याच वेगाने फिरतात. वळताना मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. माती, मुरूम, वाळूवर चाक जरासं घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा मिळत नाही, सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते. म्हणून कोरड्या डांबरावर आणि काँक्रीटवर ४एच नको, ४एल तर अजिबात नको. शेताच्या फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागलात की आधी २एच, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद.

४एच चालत्या गाडीत टाकता येतं, चाकं सरळ असली की झालं. ४एल साठी गाडी पूर्ण उभी करायची, क्लच दाबायचा, लीव्हर खाली दाबून मागे घ्यायचा. अडलं तर जबरदस्ती नको, गाडी हातभर पुढे-मागे करा, दात जुळतात. ४एल म्हणजे जास्त ताकद एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. माझ्या मते त्याचा खरा उपयोग सावकाशीसाठी आहे. जिमनीच्या इंजिनाचा टॉर्क १३४ न्यूटन मीटर, फार नाही. पण ४एल मध्ये पहिला गिअर टाकून क्लचवरचा पाय पूर्ण काढलात की ॲक्सिलरेटर न देता गाडी चालत्या माणसाच्या वेगाने दगडावरून जाते. नवीन माणसाचा पाय क्लचवरून हलत नाही. अर्धा क्लच दाबून दगड चढवायला गेलात तर तासाभरात जळका वास येईल. ४एल मध्ये क्लच फक्त सुटताना, थांबताना आणि गिअर बदलताना.

सरावाला पहिला दिवस असा घालवा. माळावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आडव्या ठेवा, एक डाव्या चाकाच्या वाटेवर, एक उजव्या. सांगून पुढच्या डाव्या चाकाने बाटली चेपायची, मग मागच्या डाव्याने. डावं चाक कुठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे असं प्रत्येकाला वाटतं. बाटली अखंड राहते तेव्हा कळतं की आपण वीतभर आत धरून चाललो होतो. दगडाच्या वाटेवर त्या वीतभराला फार किंमत आहे, कारण जमिनीपासूनची २१० मिलिमीटर उंची ही गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाखालची असते. सगळ्यात खाली लटकतो तो डिफरन्शियलचा गोळा. म्हणून मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढायचा नाही, त्याच्यावर चाक चढवायचं. चाक चढलं की गोळाही वर उचलला जातो. रस्त्यावरच्या सवयीच्या हे अगदी उलट आहे, आणि तेच आधी अंगवळणी पडायला हवं.

दुसरा सराव चाक अधांतरी जाण्याचा. माळावर तिरके दोन खड्डे खणून घ्या, ढोपराएवढे. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी खड्ड्यात जाईल असे. गाडी त्यात घाला. दोन्ही चाकांवरचा भार जाईल, ती गरागरा फिरतील आणि गाडी उभी राहील. साधा डिफरन्शियल ज्या चाकाला अडथळा कमी त्यालाच फिरवतो, त्याचा स्वभावच तो. इथे तुमच्या गाडीची ब्रेकवाली यंत्रणा कामाला येते. फिरणाऱ्या चाकाला ती ब्रेक लावते, मग ताकद जमिनीवरच्या चाकाकडे वळते. पण तिला क्षणभर वेळ लागतो आणि खालून कर्र-कर्र, टक-टक असा आवाज येतो. तो ऐकून नवीन माणूस घाबरतो, काहीतरी तुटलं म्हणून पाय काढतो. पाय काढायचा नाही. ॲक्सिलरेटर एका जागी धरून ठेवायचा, वाढवायचाही नाही, तो आवाज होऊ द्यायचा, दोनतीन सेकंदांत गाडी सरकते. हे एकदा स्वतःच्या माळावर अनुभवलं की पुढे घळीत भीती वाटत नाही.

गोदाकाठची
काका, मनापासून आभार. बाटल्यांचा सराव याच रविवारी करते. हवेचं गेज आणि पंप सांगितलात, पण हवा किती कमी करायची ते राहिलं.

मस्कतकर
हवेचं मी सांगतो. मूळचा साताऱ्याचा, आता नोकरीनिमित्त ओमानमध्ये. इथे वाळवंटात शिरायच्या आधी सगळ्या गाड्या ओळीने थांबतात आणि हवा सोडतात. ती सोडल्याशिवाय पुढे कोणी घेतच नाही. मऊ वाळूत १५ पीएसआयपर्यंत (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) येतो आम्ही. हवा काढली की टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, वजन वाटलं जातं, चाक रुतत नाही.

तुमच्याकडच्या मुरूम-दगडाला इतकं खाली यायची गरज नाही. जिमनी साधारण १२०० किलोची, हलकी गाडी. १८ ते २० पीएसआय पुरे. एवढ्याने टायर दगडाला धरून बसतो आणि अंगाला बसणारे हादरे बरेच कमी होतात. दोन गोष्टी मात्र कडक पाळा. हवा कमी असताना वेग आणि झटक्याचं वळण नको, टायर रिममधून निसटतो. आणि डांबरावर येताच पंप लावून दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. पुढच्या गावात भरू म्हणून तसंच हायवेला गेलात तर टायर तापून फुटू शकतो.

वाळूत रुतल्यावर पहिलं काम: ॲक्सिलरेटर बंद. चाक जितकं फिरवाल तितका खड्डा. खाली उतरा, चाकापुढची वाळू हाताने काढा, हवा अजून थोडी सोडा, ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे या.

बांधावरचा (मावळ)
मी शेतकरी आहे, ट्रॅक्टरही चालवतो आणि जुनी बोलेरो फोर बाय फोरही. शिकणाऱ्यांना विरोध नाही, ताई तर स्वतःच्या रानात शिकणार, उत्तमच. पण इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो, कारण दर पावसाळ्यात आमच्याकडे शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते.

ज्याला तुम्ही ट्रेल म्हणता ती बहुतेक वेळा आमची पाणंद असते. त्याच वाटेने आमचं दूध खाली जातं, पोरं शाळेला जातात. जूनमध्ये दहा गाड्या चाकं फिरवत गेल्या की हातभर खोल चाकोऱ्या पडतात. त्यात पाणी साचतं आणि पुढचे चार महिने बैलगाडीसुद्धा जात नाही. भाताच्या खाचराचा बांध तुम्हाला छान चढण वाटतो. तो फुटला की वरच्या खाचरातलं पाणी वाहून जातं आणि लावणी वाया जाते. रिकामी दिसणारी जमीन कोणाची तरी असते. गावात थांबा, विचारा. नाही कोणी म्हणत नाही, उलट पुढे कुठे दलदल आहे तेही सांगतील. चाकोरी पडली तर फावडं घेऊन बुजवून जा.

जिप्सीवाले_काका
बांधावरचे दादा, अगदी बरोबर. यात सड्यांची भर घालतो. कोकण आणि घाटमाथ्यावरचे जांभ्याचे सपाट सडे बघून गाडी घालायचा मोह होतो. तिथे खडकावर बोटभर माती असते, तिच्यावर पावसाळ्यात जी फुलं येतात त्यातली काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. एका चाकोरीने पाण्याची वाट बदलते आणि पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. सड्यावर गाडी घालूच नये. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं तर सरळ गुन्हा आहे, अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो.

सत्तरीकर
गोव्यातून लिहितोय. समुद्रकिनाऱ्याचंही सांगून टाकतो. भाड्याची थार घेऊन वाळूत घालणारे पर्यटक आम्ही नेहमी बघतो. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदेशीर आहे, पोलीस गुन्हा दाखल करतात, गाडी ताब्यात घेतात. त्याहून मोठी गोष्ट कासवांची. मोरजी, आगोंद, गालजीबाग, आणि तुमच्याकडे वेळास, आंजर्ले, या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. घरटं वाळूखाली असतं, वरून काही दिसत नाही. शिवाय ओहोटीची ओली वाळू वरून टणक दिसते, गाडी थांबली की चाक आत जातं आणि मग भरती कोणासाठी थांबत नाही. मस्कतकरांचं वाळवंट वेगळं, आपला किनारा वेगळा.

काळी_माती (परभणी)
घरच्यांच्या ‘पाऊस पडू दे’ वर दोन शब्द. चिखल सगळीकडे सारखा नसतो. मुरमाच्या खाली टणक थर असतो, चाक तिथे पोचलं की धरतं. आमच्या काळ्या रेगडीत तसं काही नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. एचटी टायरच्या खाचा एका फेऱ्यात भरतात, टायर गुळगुळीत गोटा होतो. मग माती चाक आणि मडगार्डच्या मधे साचत जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. तिथे एटी टायरही फार काळ टिकाव धरत नाहीत. आमच्याकडे पावसात जाणते ट्रॅक्टरवालेसुद्धा वावरात उतरत नाहीत, वाफसा होईपर्यंत थांबतात. सिन्नरकडेही काही पट्टे काळ्या मातीचे आहेत, तेवढे आधी पायी बघून ठेवा.

गोदाकाठची
हो, ओढ्याच्या पलीकडचा तुकडा काळाच आहे. तिकडे नाही जाणार. बाटल्यांचा सराव झाला. काका म्हणाले तसंच, मी डावीकडे आत धरूनच चालत होते. खड्ड्यांचा सरावही भावाला सोबत घेऊन केला. आवाज आला, पाय धरून ठेवला आणि गाडी बाहेर आली! आता दोन प्रश्न. माळाच्या टोकाला ओढ्याकडे उतरणारी आणि पलीकडे चढणारी वाट आहे, तिथे चढताना मधेच गाडी बंद पडली तर? आणि ओढ्यात आत्ता पाणी आहे, कुठपर्यंत चालेल?

जिप्सीवाले_काका
शाब्बास. भाऊ सोबत होता हे फार चांगलं केलंत. एकटीने सराव नकोच. दुसरी गाडी नसली तरी दुसरा माणूस आणि फोनची रेंज हवी.

चढणीवर गाडी बंद पडली तर सगळ्यात घातक गोष्टी दोन. एक, क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये मागे येऊ देणं. इंजिनाचा आधार सुटतो आणि वेग हाताबाहेर जातो. दुसरी, तिथेच वळवून तोंड खाली करायचा प्रयत्न. गाडी आडवी झाली की कलंडते. करायचं असं: ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, श्वास घ्या. क्लच दाबून ४एल मध्येच रिव्हर्स टाका, इंजिन सुरू करा, हँडब्रेक सोडा, मग क्लच आणि पायाचा ब्रेक बरोबरच हळूहळू सोडा, क्लच शेवटी पूर्ण सुटला पाहिजे. गाडी इंजिनाच्या जोरावर सरळ रेषेत मागे उतरेल. स्टिअरिंग सरळ. मागे बघायला भाऊ बाजूला उभा असू दे, गाडीच्या रेषेत नको. हा सराव आधी कमी चढावर मुद्दाम गाडी बंद करून करा, हात आपोआप चालले पाहिजेत.

उतरताना ४एल, पहिला गिअर, दोन्ही पाय मोकळे. ब्रेक दाबून चाकं लॉक झाली की मुरमावर गाडी घसरत जाते. मागची बाजू बाहेर सरकायला लागली तर ब्रेक नको, उलट जरासा ॲक्सिलरेटर द्या, गाडी सरळ होते. मनाविरुद्ध वाटतं, पण तेच खरं. आणि दगडात स्टिअरिंग धरताना अंगठे बाहेरच्या बाजूने ठेवा. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटका देतं, अंगठा आत असला तर मोडतो.

भावाला दिशा दाखवायला शिकवा. समोर, दोन्ही पुढची चाकं दिसतील असं उभं राहायचं, हाताने खुणा करायच्या, आणि बोलणारा माणूस एकच. चारजण चार बाजूंनी ओरडायला लागले की थांबा, उतरा, स्वतः बघा.

पाण्याचं उत्तर: आधी चालत जा. जिथे तुम्ही पायी जाऊ शकत नाही तिथे गाडी नाही. काठी घेऊन तळ चाचपा, खड्डा आहे का, गाळ आहे का, पलीकडे बाहेर पडायची वाट टणक आहे का. स्टॉक जिमनीला स्थिर पाण्यात चाकाच्या मध्यापर्यंत, त्याहून वर नको. कंपन्या थारला ६५० आणि गुरखाला ७०० मिलिमीटर सांगतात, पण तेही वाहत्या पाण्याचं माप नव्हे. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी गाडी ढकलतं, गढूळ असेल तर विषयच संपला. ४एल, पहिला किंवा दुसरा गिअर, एकसारखा सावकाश वेग, मधे गिअर बदलायचा नाही. बाहेर आलात की हलका ब्रेक दाबत थोडं चालवा, ब्रेक वाळतात.

विमावाला
विमा सर्व्हेचं काम करतो म्हणून इथे थांबवतो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत चावी मारू नका. ही ओळ डॅशबोर्डवर चिकटवा. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हे नुकसान बहुधा नाकारलं जातं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. ताई, तुमच्या पॉलिसीत ते आहे का बघा. तसंच शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल अशा प्रकारांत झालेलं नुकसान पॉलिसीतून वगळलेलं असतं, म्हणून स्पर्धेत उतरण्याआधी कागद वाचा.

आणि पुणेकरांच्या लिफ्ट किटबद्दल: २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की कंपनीच्या मूळ रचनेत मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध बदल करता येत नाहीत. पुढे लावतात ते लोखंडी बुल बारही २०१७ पासून बंद आहेत. दाव्याच्या वेळी हे सगळं निघतं.

थारवाला_पुणे
लिफ्टबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो, कलम ५२ चं माहीत नव्हतं. टायरवर मात्र ठाम आहे, पावसाळ्याआधी एटी घ्याच, त्याच साइजमध्ये मिळतात.

विंचबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आत्ता नको. एक कायनेटिक दोर, दोन रेटेड शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं, जमलं तर रुतलेल्या चाकाखाली घालायच्या ट्रॅक्शन बोर्डची जोडी. कायनेटिक दोर ताणला जातो आणि ओढून घेतो, त्यामुळे झटका बसत नाही. दोर नेहमी चॅसीला बोल्ट केलेल्या टो हुकलाच. बंपर, ॲक्सल, सस्पेन्शनच्या दांड्या, टो बॉल (मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा) यांना कधीच नाही. टो बॉल तुटला की गोळीसारखा सुटतो, जगभरात माणसं गेली आहेत त्याने. दोरावर मधे ओलं पोतं किंवा जाड चादर टाका, आणि बघे दोराच्या दीडपट लांबीच्या बाहेर. ट्रॅक्टर आला तर चालकाला आधीच सांगा की झटका न देता सावकाश ओढा, साखळी असेल तर नक्कीच. त्याच्या आधी रुतलेल्या चाकांपुढची माती काढा, अर्धं काम फावडंच करतं.

बांधावरचा (मावळ)
ट्रॅक्टरवाल्याला डिझेलचे आणि वेळेचे पैसे न मागता द्या. रोपं लावायच्या घाईत काम सोडून आलेला असतो तो.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. इंजिन प्रोटेक्ट पॉलिसीत नव्हतं, चौकशी केली तर नूतनीकरणाच्या वेळीच मिळेल असं कळलं, तोपर्यंत ओढा बंद. चढणीवर बंद करून मागे उतरायचा सराव कमी उतारावर केला, आता हात बसतोय. घरी आल्यावर गाडीचं काय बघायचं?

जिप्सीवाले_काका
धुताना वरून चमकवू नका, खालून धुवा. चाकाच्या आतल्या बाजूला अडकलेला चिखल वाळला की हायवेला स्टिअरिंग थरथरतं, लोक अलाइनमेंट बिघडली म्हणून गॅरेज गाठतात. मग टॉर्च घेऊन खाली आडवे पडा: टायरची बाजूची भिंत कुठे कापली आहे का, सांध्यांवरची रबरी आवरणं (बूट) फाटली आहेत का, ब्रेकच्या नळ्यांना दगड लागलाय का, कुठे तेलाचा ओघळ आहे का. पाण्यातून गेला असाल तर दोन्ही डिफरन्शियलचं तेल मेकॅनिककडून बघून घ्या. चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. तेल चांगलं असेल आणि नळ्या कोरड्या असतील तर पुढच्या रविवारी जरा जास्त चढाच्या वाटेवर जा, आणि कसं झालं ते इथे लिहा.